नांगराला घातलेला हात

हरेगावची मतमाउलीची यात्रा ज्यांनी पाहिली आहे, त्यांना ठाऊक असेल की सप्टेंबर महिन्यातील त्या अफाट गर्दीत दोन प्रकारची माणसे असतात. काही मागायला आलेली असतात आणि काही फेडायला. मागणाऱ्यांच्या डोळ्यांत काकुळती असते. फेडणाऱ्यांच्या चेहऱ्यावर देणे चुकते केल्याचे समाधान असते. हातात मेणबत्त्यांचा जुडगा, कडेवर गेल्या वर्षी मागून घेतलेले लेकरू, पायात वहाणा नाहीत. या गर्दीत केवळ आपलेच श्रद्धावंत असतात असे नव्हे. आसपासच्या खेड्यांतील मराठा, माळी, धनगर कुटुंबेही मोठ्या भावाने येतात. मतमाउलीने त्यांची जात किंवा धर्म विचारला असल्याचे अद्याप कोणी सांगितलेले नाही.

नवसाला मी कमी लेखत नाही. मी सहा वर्षांचा असताना विषमज्वराने अंथरुणाला खिळलो होतो. तेव्हा माझ्या आईने नवस बोलला आणि मी उठून बसल्यावर श्रीरामपूरहून हरेगावपर्यंत ती अनवाणी चालत गेली. त्या नवसाच्या पुण्याईवरच मी ही पाने लिहीत आहे, असे ती असती तर म्हणाली असती. तथापि नवसाला एक शेवट असतो. मागितले, मिळाले, फेडले. हिशेब पूर्ण झाला. दुसऱ्या दिवशी माणूस मोकळा होतो आणि आपल्या कामाला लागतो. व्रताचे तसे नाही. ज्याने आपल्या आयुष्याचेच व्रत परमेश्वराच्या स्वाधीन केले, त्याला ते कधीच फेडून टाकता येत नाही. त्याचा हिशेब रोज सकाळी नव्याने मांडला जातो.

हा विचार मनात घोळण्याचे कारण घरगुती आहे. येत्या डिसेंबरात माझी धाकटी कन्या आजीवन व्रते घेणार आहे. एकोणिसाव्या वर्षी ती मठात गेली. उमेदवारी झाली, नवदीक्षितपण झाले, पहिली व्रते झाली. गेली सहा वर्षे ती सातपुड्याच्या पायथ्याशी आदिवासी मुलींच्या बोर्डिंगात काम करीत आहे. शुद्धता, निर्धनता व आज्ञापालन ही तीन व्रते आता ती मरेपर्यंतची म्हणून उच्चारणार. आमच्या घरी या वार्तेने आनंद झाला, हे खरे; पण त्या आनंदाच्या तळाशी काहीतरी हलत राहिले, हेही तितकेच खरे. माझे एक मेहुणे फार सरळ मनाचे आहेत. दिवाळीत आले असता त्यांनी ते बोलून दाखविले. म्हणाले, ‘‘दाजी, सगळं ठीक आहे. पण पुढं तिला झेपलं नाही तर?’’

प्रश्न कुत्सित नव्हता. तो प्रेमापोटी आलेला होता. शिवाय तो आजच्या काळाचा प्रश्न आहे. नोकरी कराराची, घर भाड्याचे, फोन दोन वर्षांचा, आणि लग्नदेखील जमेल तोवरचे, अशा दिवसांत जन्मभराची प्रतिज्ञा करणारा माणूस वेडा तरी ठरतो किंवा अडाणी तरी. मी त्या वेळी मेहुण्यांना काहीतरी थातुरमातुर सांगितले. पण उत्तर मात्र तेव्हापासून शोधीत आहे. ते शोधताना मला पुस्तकांपेक्षा आमच्या या जिल्ह्याचाच अधिक आधार झाला. पूर्वीचे अहमदनगर, आता अहिल्यानगर. नाव २०२४ साली बदलले, पाऊस मात्र पूर्वीसारखाच रुसलेला आहे.

शुभवर्तमानात प्रभू येशूने सेवेच्या निष्ठेसाठी दिलेला दृष्टान्त नांगराचा आहे. जो नांगराला हात घालतो आणि मागे वळून पाहतो, तो देवाच्या राज्याच्या उपयोगाचा नाही, असा त्याचा आशय आहे. प्रवचनांत हे वाक्य आपण पुष्कळदा ऐकतो आणि त्यातील कठोरपणाने किंचित दचकतो. ज्याने प्रत्यक्ष नांगर धरला आहे, त्याला मात्र ते कठोर वाटत नाही. त्याला ते अनुभवाचे बोल वाटतात. संगमनेरच्या पठारावरील आमच्या कोरडवाहू तुकड्यात मी वडिलांच्या मागे चालत नांगरट शिकलो. पहिले तास घालण्याआधी वडील समोरच्या बांधावरची एखादी बाभूळ हेरून ठेवीत. रुमण्यावर हात, नजर बैलांच्या मधून थेट त्या बाभळीवर. मागे पाहिले की दोन गोष्टी हटकून होतात. हातावरचा दाब ढिला पडून तास वाकडे जाते. आणि फाळ एखाद्या धोंड्यावरून उसळून बैलाच्या खुराला लागतो. म्हणजे मागे पाहणाऱ्याची शिक्षा त्याला स्वतःला होत नाही, ती मुक्या बैलाला होते. आपल्या निष्ठेच्या ढिलाईची किंमत बहुधा दुसराच कोणीतरी मोजतो, हे मी तेथे शिकलो.

मात्र नांगर धरणारा मागे कधीच पाहत नाही, असेही नाही. तास संपून बांधापाशी बैल वळवताना तो थांबतो, उपरण्याने घाम पुसतो आणि आपण घातलेले तास पाहतो. वाकडे गेले असेल तर पुढचे सरळ घालतो. ही त्याची चिकित्सा असते, माघार नसते. संन्यस्तांच्या वार्षिक तपसाधना, व्रतांचे नूतनीकरण, आपण प्रापंचिक जन पुनरुत्थानाच्या जागरणविधीत हाती मेणबत्ती धरून बाप्तिस्म्याची वचने पुन्हा उच्चारतो तो क्षण, हे सारे बांधावरचे वळण आहे.

आमच्या राहुरी तालुक्यात केंदळ नावाचे गाव आहे. आज त्या गावावरून जाणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल की मराठी कॅथलिकांचे ‘निरोप्या’ मासिक १९०३ साली तेथून निघाले? पुणे नाही, मुंबई नाही; केंदळ! ते काढणारे फादर हेन्री डोरिंग हे जर्मन येशूसंघीय होते. परक्या मुलखातून यावे, मराठी आत्मसात करावी आणि जेथे अक्षर ओळखणारी माणसे बोटांवर मोजण्याइतकी, त्या मातीतून मासिक काढावे, ही जिद्द आजही मला थक्क करते. पण त्यांची खरी कसोटी पुढे लागली. १९०७ साली ते पुण्याचे बिशप झाले. त्यानंतर पहिले महायुद्ध पेटले आणि जर्मन मिशनऱ्यांना हिंदुस्थानची दारे बंद झाली. ज्या भाषेसाठी व माणसांसाठी उमेदीची वर्षे वेचली, ती हातची गेली. १९२१ साली रोमने त्यांना पाठविले ते थेट जपानला, हिरोशिमा येथे. वयाची साठी उलटलेली; पुन्हा नवी लिपी, नवे लोक. १९२७ साली ते पुन्हा पुण्याच्या धर्मप्रांतात परत आले. आज्ञापालन हा शब्द आपण किती सहज वापरतो! एखाद्या शेतकऱ्याच्या हातून त्याचे नांगरलेले रान काढून घ्यावे, त्याला दुसऱ्या टोकाच्या माळावर उभे करावे आणि त्याने ‘बरे’ म्हणून तेथे पुन्हा रुमण्यावर हात ठेवावा, असा त्या शब्दाचा अर्थ आहे.

परदेशी धर्मगुरू आले आणि गेले. परंतु ते नसताना वस्त्यांवरील प्रार्थना कोणी चालू ठेवली? येथे मला माझ्या आजोबांविषयी लिहिले पाहिजे, कारण त्यांच्यासारख्यांविषयी फारसे कोणी लिहिलेले नाही. ते मिशनचे मास्तर होते. आज आपण ‘कॅटेकिस्ट’ म्हणतो. वस्तीवर त्यांना ‘मास्तर’ एवढेच म्हणत. गावकुसाबाहेर कुडाच्या भिंतींची एक खोली, तिच्यातच शाळा, तिच्यातच प्रार्थना. सकाळी पाटीवर बाराखडी, दुपारी धर्मशिक्षण, संध्याकाळी कंदिलाच्या उजेडात जपमाळ. फादर दीड-दोन महिन्यांनी घोड्यावरून, पुढे सायकलवरून येत, तेव्हा मिस्साबलिदान होई. मधल्या काळात आजाऱ्याच्या उशाशी बसायचे मास्तरांनी, मरणाऱ्या तान्ह्याला बाप्तिस्मा द्यायचा मास्तरांनी, रात्री-अपरात्री प्रेताला मूठमाती द्यायची तीही मास्तरांनी. पगार तुटपुंजा होता व तोही वेळेवर मिळेल याची खात्री नसे. आजी सांगत असे की सुगीत लोक पायली-पायली बाजरी आणून देत, तेव्हा घरात चूल पेटे.

आजोबांनी कुठलेही व्रत घेतलेले नव्हते. त्यांच्या सेवेला समारंभ झाला नाही, अंगठी मिळाली नाही, छायाचित्र निघाले नाही. साध्या बाप्तिस्म्याच्या बळावर त्यांनी चाळीस वर्षे एक घंटा वाजविली. घंटा म्हणजे रेल्वेच्या रुळाचा तुकडा, कडुनिंबाला टांगलेला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली ‘ख्रिस्तसभा’विषयक दस्तऐवजात स्पष्ट केले की पावित्र्याचे पाचारण केवळ धर्मगुरूंना व संन्यस्तांना नसून बाप्तिस्मा झालेल्या प्रत्येकाला आहे. आजोबा तो वाचायला राहिले नाहीत. त्यांना ते वाचण्याची गरजही नव्हती, असे मला वाटते.

निष्ठेची किंमत त्या पिढीला आणखी एका मार्गाने मोजावी लागली आणि तिची वाच्यता आपल्या नियतकालिकांतून व्हावी तेवढी होत नाही. १९५० साली राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या मर्यादित झाल्या. पुढे १९५६ साली शिखांचा आणि १९९० साली बौद्धांचा त्यात समावेश झाला. ख्रिस्ती झालेले दलित बाहेरच राहिले. वेशीबाहेरची झोपडी तीच, उपेक्षाही तीच, फक्त शाळेच्या दाखल्यावरील एका शब्दाने शिष्यवृत्ती व नोकरी यांची दारे मिटली. माझ्या वडिलांचे नाव शाळेत घालताना कोणीतरी आजोबांना हळूच सुचविले की, ‘ख्रिस्ती’ लिहू नका, पोराचे नुकसान होईल. आजोबांनी ‘ख्रिस्ती’च लिहिले. वडील पुढे शिकू शकले नाहीत; कोरडवाहू जमीन कसत राहिले. ज्यांनी कागदावर निराळे लिहिले, त्यांच्याविषयी आमच्या घरात कधी वाईट शब्द निघाला नाही. पोटची भूक ज्याने पाहिली आहे, तो दुसऱ्याच्या दाखल्यावर बोट ठेवीत नाही. पण हेही खरे की वडिलांनीही त्या निर्णयाबद्दल आजोबांना कधी दोष दिला नाही. संध्याकाळी जपमाळ हातात घेताना त्यांच्या चेहऱ्यावर जी निश्चलता दिसे, ती त्या एका शब्दाची मिळकत होती की काय, कोण जाणे!

आमच्याच नगर शहरात अनेक वर्षे वास्तव्य केलेले रेव्हरंड नारायण वामन टिळक यांची आठवण येथे होते. ते प्रॉटेस्टंट पंथाचे. पण त्यांची भजने आपणही म्हणतो, त्यामुळे ते सर्वांचेच. १८९५ साली बाप्तिस्मा घेऊन त्यांनी घरदार, समाज, प्रतिष्ठा पणाला लावली, ही हकिगत लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रां’मुळे महाराष्ट्राला माहीत आहे. त्यांचे दुसरे समर्पण मात्र तेवढे बोलले जात नाही. १९१७ साली, आयुष्याच्या अखेरच्या वळणावर, त्यांनी मिशनची पगारी सेवा सोडली आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ उभा करण्याचे मनावर घेतले. दोनच वर्षांनी, १९१९ साली, ते निवर्तले. मनुष्य एकदा समर्पित झाला म्हणजे काम संपले, असे नसते. समर्पणाच्या आतही आणखी एक समर्पण दडलेले असते. टिळकांनी मिशन सोडले म्हणून त्यांनी मागे वळून पाहिले, असे कोणी म्हणेल काय?

हाच प्रश्न मला फादर हर्मन बाखर यांच्या चरित्राकडे घेऊन जातो. माझ्या मेहुण्यांना द्यायचे उत्तर मला जर कुठे गवसले असेल, तर ते तेथे. स्वित्झर्लंडचे हे येशूसंघीय १९४८ साली, वयाच्या चोविसाव्या वर्षी, हिंदुस्थानात आले. बर्फाच्या पर्वतांत वाढलेला तरुण, आणि वाट्याला आला तो आमचा पर्जन्यछायेचा मुलूख! ज्या नगर जिल्ह्याचे क्षेत्रफळ महाराष्ट्रात सर्वांत मोठे, त्याचे नशीबही तेवढेच विषम. अकोल्याच्या डोंगरात मुसळधार, प्रवरेच्या कालव्यांखाली ऊस. आणि पारनेर, पाथर्डी, संगमनेरचे पठार येथे पाण्याचा टँकर हाच पाहुणा. साठच्या दशकात त्यांनी नगरला ‘सोशल सेंटर’ सुरू केले. मुक्तीचा संदेश देणाऱ्याने माणसाच्या घागरीकडे पाहिले नाही, तर तो संदेश अर्धवट राहतो, हे त्यांनी ओळखले होते.

सुरुवातीच्या वर्षांत भर होता तो विहिरींवर आणि पाणी उपसण्याच्या साधनांवर. त्या काळी सर्वांनाच तो मार्ग योग्य वाटत होता. सरकारही तेच करीत होते. मग आला १९७२ चा दुष्काळ. ज्यांनी तो भोगला आहे त्यांना वर्णन नको आणि ज्यांनी भोगला नाही त्यांना ते समजणार नाही. रोजगार हमीच्या कामावर खडी फोडणाऱ्या बायका, सुकडीच्या रांगा, परदेशातून आलेल्या तांबड्या मिलोच्या भाकरी. माझी आई ती भाकर तोडताना ‘हे परमेश्वरा’ म्हणायची, ते आभार होते की तक्रार हे मला कळत नसे. त्या दुष्काळाने आणि त्यामागून आलेल्या टंचाईच्या वर्षांनी एक गोष्ट उघडी पाडली. विहीर खोल गेली म्हणजे पाणी वाढत नाही. एकाची विहीर खोल गेली की शेजाऱ्याची आटते. जमिनीच्या पोटात जे मुरतच नाही, ते उपसणार कोठून?

येथे एखाद्या कमी उंचीच्या माणसाने दोनपैकी एक केले असते. एक तर ‘माझे काम विहिरी देण्याचे, पाऊस देवाच्या हातात’ असे म्हणून तीच वाट तुडविली असती आणि तिलाच निष्ठा म्हटले असते. नाहीतर निराश होऊन वरिष्ठांकडे बदली मागितली असती. फादर बाखर यांनी तिसरे केले. ते विहिरीच्या काठावरून उठून डोंगराच्या माथ्याकडे गेले. पाऊस जेथे पडतो तेथेच त्याला धरायचे. माथ्यावर समतल चर, उतारावर झाडे व गवत, शेतांना बांधबंदिस्ती आणि सर्वांत शेवटी ओढ्यावर बंधारा. ‘माथा ते पायथा’ हे सूत्र आज शाळकरी पोरांनाही पाठ आहे. पण ज्या काळी पुढारी आधी बंधाऱ्याचा नारळ फोडीत, कारण बंधारा लोकांना दिसतो आणि चर दिसत नाही, त्या काळी माथ्यापासून सुरुवात करणे ही एक प्रकारची तपश्चर्याच होती. १९८९ साली त्यांच्या प्रयत्नांतून इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमाची मुहूर्तमेढ रोवली गेली. जर्मन सरकारचा निधी, नाबार्डची साथ, गावांचे श्रम. १९९३ साली फादर क्रिस्पिनो लोबो यांच्यासमवेत त्यांनी ‘वॉटर’ ही संस्था स्थापिली. लोक त्यांना प्रेमाने ‘बाखरबाबा’ म्हणत.

या कार्यक्रमाची एक अट मला फार अर्थपूर्ण वाटते. पैसा येण्याआधी गावाने चार दिवस श्रमदान करून दाखवायचे. घरटी माणूस, कुदळ-पाटी घेऊन, फुकट. शिवाय मोकाट चराईला बंदी, झाडतोडीला बंदी. म्हणजे गावालाच व्रत घ्यावे लागे! आणि त्याआधी चार दिवसांची उमेदवारी. संगमनेर तालुक्यातील मेंढवण, दरेवाडी ही गावे अशा व्रतातून गेली. दरेवाडीचे काम १९९६ साली सुरू झाले. ज्या उघड्याबोडक्या टेकड्यांवर दगडाखेरीज काही दिसत नसे, तेथे गवत उभे राहिले, विहिरींचे पाणी वर आले. तत्पूर्वीच राळेगणसिद्धीत अण्णा हजारे यांनी आणि हिवरे बाजारला पोपटराव पवार यांनी गावे अशाच निश्चयाने उभी केली होती. निष्ठेची मक्तेदारी कुठल्याच धर्माकडे नसते, हे आमच्या जिल्ह्याने पुरेसे दाखवून दिले आहे.

एक कडू गोष्टही सांगितली पाहिजे. चराईबंदीचा जाच सर्वांना सारखा होत नाही. ज्याला पाच एकर आहे त्याची विहीर भरते. ज्याला बिघाही नाही आणि चार शेळ्यांवर ज्याचे घर चालते, त्याच्या शेळ्या विकल्या जातात. सरपणाला जाणाऱ्या बाईची वाट दुप्पट लांबते. आमची माणसे पुष्कळशी या दुसऱ्या बाजूची. ‘‘फादर आपले आणि पाणी बागायतदाराला!’’ असे पुटपुटणारे मी आमच्या वस्तीवर ऐकले आहेत. ते अगदीच खोटे नव्हते. चांगल्या कामातही कोणाची तरी भाकरी आखडते, आणि ते मान्य करून तिच्यासाठी पुन्हा तजवीज करणे हादेखील सेवेचाच भाग आहे. मजुरी, गवताची वाटणी, बायकांचे बचतगट यांतून ती तजवीज पुष्कळ ठिकाणी झाली, सर्वत्र सारखी झाली नाही.

फादर बाखर २०२१ साली, नव्वदी ओलांडल्यावर, त्यांच्या मायदेशी ख्रिस्तवासी झाले. त्यांचे आयुष्य मी पुनःपुन्हा न्याहाळतो तेव्हा मला असे दिसते की, त्यांनी मार्ग बदलला, साधने बदलली. धनी बदलला नाही आणि माणसे बदलली नाहीत. मेहुण्यांचा प्रश्न ‘झेपेल काय’ असा होता. चोविसाव्या वर्षी बोटीतून उतरलेल्या त्या तरुणाला तरी काय झेपणार आहे याची कोणती कल्पना होती? पाणलोट हा शब्दही त्याला माहीत नसणार. त्याने वचन दिले ते कामाला नव्हे, तर कोणा एकाला दिले. काम त्या एकाने पुढे दाखविले, तेही तुकड्यातुकड्याने.

मात्र येथे मला एका तरुणाचा विचार टाळता येत नाही. आमच्या धर्मग्रामातील हा मुलगा गुरुविद्यालयात सात वर्षे राहून परत आला. काय झाले ते त्याने सांगितले नाही आणि चांगल्या माणसांनी विचारले नाही. पण सगळीच माणसे चांगली नसतात. ‘नांगर सोडून आला’ हे शब्द त्याच्या आईच्या कानांवर पडावेत अशा बेताने बोलले गेले. आज तो एका शाळेत लिपिक आहे, दोन मुलांचा बाप आहे आणि रविवारी गायनवृंदाची पेटी वाजवितो. दर शुक्रवारी संध्याकाळी तो दुचाकीवरून एका अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्याकडे जातो व त्याची दाढी करतो. याला मागे वळून पाहणे म्हणावे काय? मला वाटते, त्याचे रान बदलले. डोरिंगसाहेबांचे रोमने बदलले, याचे याच्या अंतःकरणाने बदलले. ख्रिस्तसभेलाही हे उमजते. म्हणून तर १९८३ च्या धर्मसंहितेने घाई करू दिलेली नाही. नवदीक्षितपणाचे किमान एक वर्ष. त्यानंतर तात्पुरती व्रते किमान तीन वर्षे, सर्वसाधारणपणे सहापर्यंत, आणि गरज पडल्यास नऊपर्यंत. इतकी वर्षे दार उघडे ठेवून मगच विचारायचे: बाई गं, राहतेस का? आपल्याकडे मुलगी पाहायला येतात आणि अर्ध्या तासात पोहे खाऊन होकार देतात. त्या मानाने हा व्यवहार फारच सावकाश म्हणायचा.

हे सारे मी गेल्या आठवड्यात मेहुण्यांना फोनवर सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, ‘‘दाजी, गाडी किती वाजता काढायची तेवढं सांगा.’’ पुण्याला जायला दोन जीपगाड्या ठरविल्या आहेत. वस्तीवरील पुष्कळांना यायचे आहे. बोर्डिंगातील मुलींनाही येण्याची परवानगी मिळाली असून त्या पावरी भाषेतील एक गीत म्हणणार आहेत. कन्येने घरून काहीही आणू नका, असे बजावले आहे. निर्धनतेचे व्रत घ्यायच्या दिवशी माहेरची पिशवी बरी दिसत नाही, असे तिचे म्हणणे. तिच्या आईने तरीही बाजरीच्या कापण्या करून एका डब्यात भरून ठेवल्या आहेत. त्या बोर्डिंगच्या मुलींसाठी आहेत, असा तिचा युक्तिवाद आहे.

त्या विधीत एक क्षण असा येतो की व्रत घेणारी भगिनी वेदीसमोर जमिनीवर पालथी पडते आणि सारी मंडळी गुडघे टेकून संतांची लितानी गातात. तिने स्वतःचे असे काहीही उरविले नाही, ही त्यामागील भावना. परवा रात्री सौ.ला मी ते समजावून सांगत होतो. ती बराच वेळ गप्प होती. मला वाटले, तिला भरून आले असावे. मग तिने विचारले, ‘‘लितानी लांबलचक असते. डिसेंबरची थंडी, खाली फरशी. सतरंजी तरी घालतील का हो?’’

मी दुसऱ्या दिवशी मठात फोन करून वडील सिस्टरांना विचारले. त्या हसल्या नाहीत. घालतो म्हणाल्या.